आपोआप आत जाणाऱ्या पट्ट्याची कुळकथा

जुन्या गाडीचा सीट बेल्ट सोडला की लोंबत राहतो आणि दार लावताना त्यात चेपतो. गॅरेजमध्ये लगेच निदान होतं, ‘स्प्रिंग गेली.’ बऱ्याचदा स्प्रिंग शाबूत असते. खरा दोष हुडकायचा, तर पट्ट्याला आपोआप गुंडाळायची गरज का पडली, हे आधी समजून घ्यावं लागतं.

1950च्या दशकात अमेरिकेत पोटावरून बांधायचे पट्टे मिळत. ते मजबूत नव्हते आणि वापरायलाही गैरसोयीचे होते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथले मेंदूचे शल्यचिकित्सक हंटर शेल्डन यांच्यापुढे अपघातात डोकं फुटलेले रुग्ण सतत येत. 1955 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की असे पट्टे आत गुंडाळले जाणारे असावेत. 1959 साली व्होल्वोच्या नील्स बोलीन यांनी खांदा आणि कंबर एकाच वेळी धरणारा तीन टोकांचा पट्टा आणला. ते आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत. व्होल्वोने या पट्ट्याचं पेटंट इतरांसाठी खुलं ठेवलं.

तरीही अडचण उरलीच. त्या पट्ट्याची लांबी हातानं जुळवावी लागे. एकाच्या मापाचा पट्टा दुसऱ्याला सैल पडे, आणि सैल पट्टा धक्क्याच्या वेळी उशिरा धरतो. यावरचा उपाय म्हणजे रिट्रॅक्टर: एरवी मोकळा सुटणारा, धक्का बसताच अडकणारा.

त्यात चावीच्या घड्याळात असते तशी चपटी, वेटोळी स्प्रिंग पट्टा गुंडाळणारं रीळ मागे फिरवत राहते. खाली बहुतेक वेळा खोलगट बैठकीत एक पोलादी गोळी असते. गाडीला जोराचा धक्का बसला, की गोळी बैठकीतून सरकते, खटका उचलते आणि तो रिळाच्या दात्यांत अडकतो. पट्टा झटक्यानं ओढला तरी अडकावा म्हणून आत वेगळी यंत्रणा असते. अमेरिकी मानकानुसार गुरुत्वाकर्षणाच्या 0.7 पट त्वरण झालं, तर पट्टा 25 मिलिमीटर सरकायच्या आत अडकला पाहिजे.

भारतात पुढच्या सीटना पट्टे बसवणं 1994मध्ये सक्तीचं झालं. म्हणजे त्या पिढीतल्या गाड्यांचे पट्टे आता तिशीला आले आहेत. त्यांवर घाम, तेलकटपणा आणि धूळ यांचा थर साचतो. खांद्याजवळच्या कडीवर तोच थर काळा, चिकट होऊन बसतो. हलकी स्प्रिंग एवढ्या घर्षणावर मात करू शकत नाही.

म्हणून आधी पट्टा पूर्ण बाहेर काढा आणि आत जाणार नाही असा चिमट्यानं धरा. कोमट पाण्यात सौम्य साबण घेऊन पुसा. ब्लीच नको, त्यानं धागा कमजोर होतो. कडी ओल्या फडक्यानं घासा. पट्टा सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. रिट्रॅक्टर काढून परत बसवल्यावर पट्टा बाहेरच येत नसेल, तर तो तिरका बसला आहे का ते पाहा. कोन चुकला की गोळी कायमची सरकलेली राहते.

मात्र स्प्रिंगचं झाकण उघडू नका, रिळाला तेल देऊ नका. प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग, असलेल्या पट्ट्यात तर बहुधा स्फोटक भरलेलं असतं, त्याला हातच लावू नये. धागे उसवले असतील, किंवा गाडी जोरात आदळली तेव्हा पट्टा कुणी लावलेला असेल, तर पूर्ण संच बदलावा. धुऊन, पुसून पट्ट्याची चाल परत मिळते. पण एकदा धक्क्यात ताणलेल्या धाग्यांची ताकद कुठलीही दुरुस्ती परत आणू शकत नाही.