कुप्याच्या मागावर

घाटकोपरच्या मासळीबाजारात सुरमई, पापलेट आणि बोंबील यांच्या पाट्यांशेजारी कधीकधी एक गुबगुबीत, निळसर काळ्या पाठीचा मासा पडलेला आढळतो. कोळीण त्याला कुपा म्हणते. किनाऱ्यावर काही ठिकाणी तोच गेदर होतो. त्याचे मांस लालसर असते आणि शिजल्यावर कोरडे लागते. म्हणून आमच्या घरांतून त्याला सणाच्या ताटात जागा मिळाली नाही. पापलेटाचा भाव ऐकून मागे फिरलेले गिऱ्हाईक नाइलाजाने त्याच्याकडे वळते. परंतु याच कुळातला पिवळ्या परांचा मोठा कुपा, ज्याला सारे जग ट्यूना म्हणते, त्याच्यासाठी महासागरात नौकांचे तांडे फिरत असतात. त्याच्यापायी देशोदेशींची सरकारे भांडली आहेत आणि आपल्या देशातही उपोषणे घडली आहेत. या माशाच्या निमित्ताने आपल्या किनाऱ्याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

पूर्व उपनगरात राहणाऱ्या आपणा मंडळींना समुद्राची एकच बाजू परिचित आहे, ती ठाण्याच्या खाडीची. चिखल, तिवरे, मिठागरे आणि ऋतूप्रमाणे येणारे रोहित पक्षी एवढेच तिचे दर्शन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच बाजूने, आणि तेव्हापासून घाटकोपरचे तोंड लोहमार्गाकडे वळले ते वळलेच. ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर थेट वर्सोव्याशी जोडले गेले. अकरा-साडेअकरा किलोमीटरांच्या त्या मार्गाचे एक टोक आपल्या स्थानकात आहे, तर दुसऱ्या टोकाजवळ मुंबईतील एक मोठा कोळीवाडा आणि आरोग्यमातेचे मंदिर आहे. आपल्या धर्मग्रामातली किती कुटुंबे त्या टोकाला जाऊन होड्या पाहून आली असतील, याची शंकाच आहे.

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, उत्तन आणि वसईच्या पट्ट्यातील ख्रिस्ती कोळ्यांची परंपरा पोर्तुगीज काळापर्यंत मागे जाते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतरच्या दशकांत फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनी या किनाऱ्यावर काम केले. एरंगळचे संत बोनाव्हेंचरचे मंदिर १५७५ सालचे मानले जाते, आणि आजही जानेवारीतील त्याच्या सणाला साऱ्या मुंबईतून माणसे लोटतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्यकर्ते बदलले, तरी कोळ्याचा धंदा काही बदलला नाही. हिंदू कोळी आणि ख्रिस्ती कोळी यांची जाळी एकाच पद्धतीची, भरती-ओहोटीचे हिशेब एकच आणि समुद्राविषयीचे भयही एकच.

हा धंदा मुख्यतः डोलीचा होता. समुद्राच्या तळात लांब खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखे मोठे जाळे बांधायचे, आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करून ठेवायचे. पाणी धावते तसे बोंबील, जवळा, मांदेली, वाकट्या आपसूक आत येतात. माशाच्या मागे धावण्याची गरज नाही. वेळ ओळखून थांबणे हीच या कामातली विद्या. काही वाव खोलीच्या पलीकडे या विद्येचा उपयोग संपतो, कारण तेथे खुंट रोवता येत नाहीत.

मोठा कुपा या पद्धतीला मुळीच गवसणारा नाही. त्याची रचनाच वेगळी. कल्ल्यांतून पाणी खेळते राहावे म्हणून तो जन्मभर पोहत असतो. थांबला तर गुदमरेल. त्याचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा उष्ण असते, म्हणून त्याचे स्नायू लाल आणि बळकट असतात. पिवळ्या परांचा कुपा वाढून दोन मीटरांच्या घरात जातो, आणि मोठ्या नराचे वजन दीडशे किलोच्याही पुढे जाऊ शकते. असा प्राणी किनाऱ्यापासून दूर, निळ्या पाण्यात राहतो. त्याला गाठायचे तर त्याच्या मागे जावे लागते.

मागे जाण्याचा मुंबईतील पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९२१-२२ सालचा. मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेची ट्रॉलर नौका आणून किनाऱ्यालगतचा समुद्रतळ धुंडाळला. मासळी मिळाली, पण व्यवहार तोट्यात गेला आणि प्रयोग गुंडाळला गेला. पुढे १९४६ साली केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र उघडले. तेच वाढत जाऊन १९८३ पासून भारतीय मत्स्य सर्वेक्षण या नावाने ओळखले जाते, आणि त्याचे मुख्यालय आजही मुंबईतच आहे. या संस्थेच्या नौकांनी ट्यूनासाठी लांब दोरीची मासेमारी करून पाहिली. कित्येक किलोमीटर लांबीची एक मुख्य दोरी, तिला ठरावीक अंतरावर लोंबणारे शेकडो गळ, आणि प्रत्येक गळाला बांगडा, तारली किंवा माकुळ यांचे आमिष. ती दोरी पाण्यात सोडायची, काही तास थांबायचे, आणि मग सारी ओढून घ्यायची. आपल्या समुद्रात ट्यूना आहे, आणि तो पकडता येतो, हे या सर्वेक्षणांनी कागदावर सिद्ध केले. कोळीवाड्यांतल्या होड्यांपर्यंत ते ज्ञान किती पोहोचले, हा प्रश्न मात्र वेगळा.

कोळीवाड्यांत त्या काळात दुसरेच परिवर्तन घडत होते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत होड्यांवर इंजिने बसली. सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, सहकारी संस्थांनी कर्जे दिली, बर्फाचे कारखाने उभे राहिले. साठच्या दशकात कोळंबीची निर्यात वाढली आणि ट्रॉलर आले. ससून गोदी १८७५ मध्ये बांधली गेली ती व्यापारी जहाजांसाठी. तिचा मासळीचा धक्का झाला. जी होडी संध्याकाळी घरी येत असे ती आठ-दहा दिवस समुद्रात राहू लागली. अंतर वाढले तसा वाट्याचा हिशेबही बदलला, आणि आमच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वात महत्त्वाचा बदल हाच होय.

जुन्या होडीत नाखव्याचा वाटा असे, होडीचा व जाळ्याचा वाटा असे, तांडेलाचा असे आणि प्रत्येक खलाशाचाही असे. मासळी कमी आली तर सर्वांच्या घरी कमी, जास्त आली तर सर्वांच्या घरी जास्त. इंजिन आल्यावर प्रथम डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता वजा होऊ लागला, आणि उरले तर वाटे. पुढे कित्येक ठिकाणी वाटे जाऊन पगार व आगाऊ उचल आली. आज मुंबईच्या बोटींवर उत्तर प्रदेश, आंध्र, झारखंड येथून आलेले खलाशी मोठ्या संख्येने दिसतात. नाखवा आपला, खलाशी परका, अशी विभागणी झाली. वाडवडिलांचा धंदा सोडून आपली मुले कचेऱ्यांत गेली याचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो बाळगण्यात गैर काही नाही. पण होडीवरची रिकामी जागा कोणी भरली आणि त्याला काय मिळते, याची विचारपूस आपल्या सणाच्या सभांतून फारशी होत नाही.

तुलनेसाठी जरा दूर जाऊ. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर ट्यूनाची शिकार ही हौसेचीही गोष्ट आहे. कॅटलिना बेटावरील ॲव्हलॉन येथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८९८ साली ट्यूना क्लब स्थापला, आणि त्याच वर्षी १८३ पौंडांचा मासा गळाच्या काठीने ओढून काढला. धनिकांचा तो खेळ पुढे सामान्यांसाठी खुला झाला, कारण तेथे माणशी भाडे घेणाऱ्या नौका निघाल्या. वीस-तीस अनोळखी माणसे तिकीट काढून एकाच नौकेवर चढतात. कर्मचारी जिवंत मासोळ्या समुद्रात फेकून ट्यूनाचा थवा जवळ आणतात, आणि ज्याच्या गळाला जो लागेल तो त्याचा. माशाला पकडणाऱ्याच्या क्रमांकाची खूण केली जाते, म्हणजे धक्क्यावर तंटा नको. सान दिएगोहून सुटणाऱ्या काही नौका अनेक दिवस मेक्सिकोच्या पाण्यापर्यंत जातात. एका दृष्टीने ही जुन्या डोलीच्या होडीची उलटी बाजू आहे. एथे मेहनत सर्वांची आणि वाटाही सर्वांना. तेथे खर्च सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा आणि मासा मात्र एकट्याचा.

त्याच सान दिएगोत पोटासाठी ट्यूना पकडणारे लोक होते, त्यांची कथा कॅथलिक वाचकांना अधिक जवळची वाटेल. ॲझोर्स व मदैरा बेटांवरून आलेले पोर्तुगीज पॉइंट लोमा येथे वसले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील ट्यूना नौकांवर त्यांचा मोठा भरणा होता. नौकेच्या कडेला बाहेर लोखंडी फळ्या टांगायच्या, त्यांवर गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आणि बांबूच्या काठीने मासा डोक्यावरून मागे डेकवर भिरकावायचा. मासा फार मोठा असेल तर दोन-तीन काठ्यांना मिळून एकच गळ. पेन्टेकॉस्टच्या सुमारास पवित्र आत्म्याचा सण ते आजही साजरा करतात. आश्चर्य असे की, काठी, जिवंत आमिष आणि पाण्याचे तुषार उडवून माशाला भुलवण्याची ही कला आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पकडलेला ट्यूना उकडून, धुरवून, वाळवून ते लोक त्याचे ‘मास’ करतात आणि ते महिनोन्‌महिने टिकते. काठीने एका वेळी एकच मासा येतो. कासव व डॉल्फिन त्यात विनाकारण मरत नाहीत. सान दिएगोने ती काठी साठच्या दशकापर्यंत बहुतांशी टाकून दिली आणि प्रचंड घेरजाळी घेतली. मिनिकॉयने ती टाकली नाही.

आता उपोषणांकडे वळू. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर भारताचा विशेष आर्थिक अधिकार प्रस्थापित झाला. एवढ्या पाण्यात जायला देशाजवळ नौका नव्हत्या, म्हणून १९८१ पासून परदेशी नौका भाड्याने घेण्याची मुभा देण्यात आली, आणि १९९१ च्या धोरणाने परदेशी कंपन्यांशी संयुक्त उद्योगाची दारे उघडली. कोळ्यांचा आक्षेप साधा होता. खोल समुद्रासाठी परवाना घेतलेली मोठी नौका उथळ पाण्यातही शिरते, जाळी तोडते, आणि तिच्यावर पहारा ठेवणारा कोणी नसतो.

या लढ्याला आकार देणाऱ्यांत गोव्याचे शिक्षक माथानी सालढाणा यांचे नाव आधी घ्यावे लागते. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रांपणकारांचे आंदोलन उभे करण्यात ते पुढे होते, आणि त्या चळवळीतूनच १९७८ साली पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच जन्माला आला. पुढे त्याचे नेतृत्व केरळचे फादर थॉमस कोचेरी यांच्याकडे आले. ते रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू, शिवाय वकील. मच्छीमारांच्या वस्तीत राहून त्यांच्याबरोबर समुद्रावर जाणारा हा माणूस. १९९४ च्या नोव्हेंबरात देशभर मासेमारी बंद ठेवण्यात आली, आणि १९९५ मध्ये फादर कोचेरी पोरबंदर येथे उपोषणास बसले. सरकारने पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९६ मध्ये तिने २१ शिफारशी केल्या. परदेशी नौकांचे परवाने रद्द करावेत ही त्यांतील मुख्य होती, आणि १९९७ मध्ये सरकारने अहवाल स्वीकारला. १९९९ साली एका अमेरिकन प्रतिष्ठानाने फादर कोचेरींना दीड लाख डॉलरांचा सागरी संवर्धन पुरस्कार देऊ केला. त्या प्रतिष्ठानाचा पैसा तेलाच्या धंद्यातून आला आहे, म्हणून त्यांनी तो नाकारला. ३ मे २०१४ रोजी ते निवर्तले. धर्मगुरूने अशा आंदोलनांत पडावे काय, याविषयी त्यांच्या हयातीत वरिष्ठांत आणि सामान्य भाविकांतही मतभेद होते. आमचे मत विचाराल तर, ज्या वस्तीची मिस्सा आपण अर्पण करतो त्या वस्तीचे पोट बुडत असताना धर्मगुरूला दूर उभे राहता येत नाही. तथापि सालढाणांसारखा प्रापंचिक माणूस पुढे आणि धर्मगुरू त्याच्या पाठीशी, ही रचना आम्हांस अधिक योग्य वाटते.

मुरारी समितीने प्रश्न मिटला असे झाले नाही. २००२ च्या सुमारास परवानापत्रांच्या रूपाने परदेशी बनावटीच्या नौका पुन्हा आल्या, आणि ती योजना २०१७ मध्ये बंद झाली. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने विशेष आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यांत परदेशी नौकांना मज्जाव आहे, सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, आणि पारंपरिक लहान होड्यांना प्रवेशपत्राची सक्ती नाही. समुद्रात एक मोठी माता-नौका ठेवावी आणि लहान नौकांनी आपली मासळी तिच्याकडे द्यावी, अशीही कल्पना त्यांत मांडली आहे. तीस वर्षांपूर्वी जे मागितले होते त्यातले बरेच आज कागदावर मिळाले आहे.

अडचण आहे ती माशाच्या स्वभावात. कुपा उष्ण रक्ताचा असल्याने मेल्यावर लवकर बिघडतो. पकडताच त्याचे रक्त काढून तो बर्फात घालावा लागतो. तसे न केल्यास त्याच्या मांसात हिस्टामिन वाढते, ते शिजवूनही जात नाही, आणि खाणाऱ्याचे अंग लाल होऊन डोके दुखू लागते. (बाजारातून कुपा घेताना डोळा व कल्ले पाहून, आणि बर्फावर ठेवलेलाच घ्यावा.) परदेशच्या बाजारात जो भाव मिळतो तो मासा उत्तम शीतगृहात ठेवला असेल तरच मिळतो. आपल्या बोटींवर लाकडी कप्प्यांत फोडलेला बर्फ असतो, आणि आठव्या दिवशी त्यातला बराचसा पाणी झालेला असतो. त्यामुळे मुंबईच्या बोटींना जाळ्यात आलेला कुपा येथल्याच बाजारात, येथल्याच भावाने विकावा लागतो. लांब दोरी, शीतकप्पा आणि ते हाताळण्याचे शिक्षण यांसाठी लागणारे भांडवल एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. ते उभे करायचे तर वर्सोवा, उत्तन वा सातपाटीसारख्या ठिकाणच्या सहकारी संस्थांनाच करावे लागेल, आणि तेव्हा खलाशाचा वाटा काय असेल, हे कर्जाच्या कागदावर सही होण्याआधी ठरायला हवे. १ जून ते ३१ जुलैपर्यंतच्या बंदीच्या दोन महिन्यांत बोटी ओढून ठेवलेल्या असतात, आणि सभा भरवायला कोळीवाड्यांना वेळ असतो तो तेव्हाच.