मैदानी क्रीडाप्रकारांचे प्रशिक्षण, पुण्यातील

धावणे, उड्या व फेकी या मैदानी क्रीडाप्रकारांपैकी कोणता शिकण्यास व शिकविण्यास अधिक अवघड, याचे उत्तर सामान्यतः खेळाडूच्या शरीरधर्मात शोधले जाते. पुण्यातील मैदानी खेळांचा इतिहास पाहता ते मैदान, साधने व शिक्षक यांच्या उपलब्धतेवरही तितकेच अवलंबून असल्याचे दिसते.

डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली. १९१९ मध्ये तिचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील शर्यती पाहिल्या. बहुतेक स्पर्धक शेतावर राबणारे, बेताच्या अन्नावर वाढलेले तरुण होते. आधुनिक प्रशिक्षण त्यांना मुळीच मिळालेले नव्हते आणि ते अनवाणी धावत. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांची कामगिरी टाटांना लक्षणीय वाटली. त्यांच्याच पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी सहा जणांचे पथक निवडण्यात आले. निवडीच्या वेळी १०० मी. धावेसाठी किती वेळ योग्य मानावा, असे विचारता समितीतील एका प्रमुख सभासदाने अर्धा मिनिट असे सांगितले व हा हिशेब सेकंदांच्या अंशांचा असतो हे ऐकून तो चकित झाला, अशी आठवण टाटांनी पुढे लिहून ठेवली आहे. ज्यांच्या हाती निवड होती त्यांनाच वेगाचे मोजमाप परके होते, ही बाब कोणत्याही खेळाडूच्या उणिवेपेक्षा अधिक बोलकी आहे.

अँटवर्प येथे पूर्णचंद्र बॅनर्जी यांना कमी पल्ल्याच्या धावांत प्राथमिक फेरीपलीकडे जाता आले नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मात्र ४२.७५ किमी. अंतराची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. सदाशिव दातार यांना तीच शर्यत पूर्ण करता आली नाही. वेगवान धावेची क्षमता मोठ्या अंशी स्नायुतंतूंच्या जन्मजात रचनेवर ठरते. प्रशिक्षणाने सुधारणा होते ती मुख्यतः आरंभाचे वाकून झेपावणे, पावलांची लय व शेवटच्या टप्प्यातील वेग टिकविणे यांत. आणि त्यासाठी मोजलेली सपाट धावपट्टी, अचूक घड्याळ व जाणकार मार्गदर्शक लागतात. लांब पल्ल्याच्या धावपटूस आरंभी रस्ता पुरतो. हृदय व फुप्फुसे यांची क्षमता अनेक वर्षांच्या नियमित धावण्याने वाढते; म्हणून हा प्रकार सुरू करण्यास सोपा, पण परिपक्व होण्यास दीर्घकाळ घेणारा आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील तरुणांचा ओढा त्याकडे राहिला, यामागे शारीरिक अनुकूलतेइतकेच हे अर्थशास्त्रही असावे. पुण्यात १९८३ पासून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनने हा ओढा अधिक दृढ केला.

कौशल्यप्रधान प्रकारांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. ११० मी. अडथळ्यांच्या शर्यतीत १.०६७ मी. उंचीचे दहा अडथळे असून दोन अडथळ्यांमधील ९.१४ मी. अंतर तीनच पावलांत कापावे लागते. पावलांची लांबी चुकली की शर्यत गेलीच. हातोडाफेकीत ७.२६ किग्रॅ. वजनासह तीन-चार गिरक्या घेऊन तोल सांभाळायचा असतो. बांबूच्या साहाय्याने मारावयाच्या उडीला खेळाडूच्या वजनानुरूप लवचिक काचतंतूंचे बांबू व जाड गादी हवी. ती नसल्यास सराव धोक्याचा ठरतो. असे प्रकार होतकरू खेळाडूला शाळेच्या मातीच्या मैदानावर एकट्याने शिकता येत नाहीत.

ही उणीव भरून येण्यास सात दशकांहून अधिक काळ लागला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभारली गेली. तेथेच २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा व २०१३ मध्ये आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. २००१ मध्ये पुण्यात भूसेनेची क्रीडासंस्था स्थापन झाली. तेथे सराव केलेल्या नीरज चोप्रा याने टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) ८७.५८ मी. भालाफेक करून सुवर्णपदक मिळविले व संस्थेच्या क्रीडांगणास त्याचे नाव देण्यात आले. भालाफेकीत धावेचा वेग पुढचा पाय रोवून एकाएकी थांबवून खांद्यातून ८०० ग्रॅ. वजनाच्या भाल्यात उतरवावा लागतो. हा ताण कोपरावर किती येतो, हे चोप्रावर २०१९ मध्ये कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेवरून ध्यानात येते.

दम आणि कौशल्य या दोहोंची एकत्र कसोटी ३,००० मी. स्टीपलचेसमध्ये लागते. तीत २८ अडथळे व सात पाण्यावरील उड्या असतात. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा सेनेत दाखल झाल्यानंतर प्रथम क्रॉसकंट्री धावू लागला व २०१७ मध्ये या प्रकाराकडे वळला, म्हणजे दम आधी आला आणि अडथळ्यांचे तंत्र मागाहून. बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत (२०२२) त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळेत रौप्यपदक मिळविले. केनियाचा विजेता एब्राहम किबिवोट त्याच्यापेक्षा ०.०५ सेकंदाने पुढे होता.