नसलेल्या बँडची गाणी : घरगुती ध्वनिमुद्रण आणि कर्तेपणाचा प्रश्न

साहित्येतिहासात टोपणनावाचा विचार बहुधा लेखकाने स्वतःला लपविण्याच्या अंगाने झालेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरच्या घरी गाणी रचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या काही संगीतकारांनी ती अस्तित्वातच नसलेल्या बँडच्या नावावर केली. या व्यवहाराला मात्र हे स्पष्टीकरण पुरत नाही, कारण त्यांच्यापाशी लपविण्याजोगी कीर्तीच नव्हती. काल्पनिक नाव हा त्यांच्यासाठी मुखवटा नव्हता. एकट्या कर्त्याने आपल्याभोवती उभी केलेली ती एक परंपरा होती.

रॉक संगीतात कर्ता हा समूह असतो, हा संकेत १९६० नंतरच्या दशकात दृढ झाला. बँडचे नाव, अल्बमचे वेष्टन, गाण्यांचा क्रम आणि बँडचा इतिहास या साऱ्यांतून मिळून रॉकची संहिता सिद्ध होते. १९६७ मध्ये बीटल्सनी 'सार्जंट पेपर' या अल्बमसाठी एका काल्पनिक बँडचे रूप घेतले, ते स्वतःच्या अतिपरिचित प्रतिमेतून सुटण्यासाठी. घरगुती संगीतकाराची वाट नेमकी उलट होती. त्याला प्रतिमेतून सुटायचे नव्हते, प्रतिमा निर्माण करायची होती.

१९७९ मध्ये टीअ‍ॅक कंपनीने टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक ध्वनिमुद्रित करण्याची सोय त्यात होती. एका ट्रॅकवर गिटार वाजवायची, ती ऐकत दुसऱ्यावर गायचे. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवून पुन्हा मोकळे करायचे. प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढे, पण एका माणसाचे चार माणसे होणे शक्य झाले. अशा कॅसेट टपालाने एकमेकांना पाठविण्याची प्रथा १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात रुजली. हाती आलेल्या कॅसेटवरील बँडमध्ये चार माणसे आहेत की एकच, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. हाताने लिहिलेले वेष्टन हाच त्याच्यापुढचा एकमेव पुरावा होता.

ओहायो राज्यातील डेटन येथील शाळाशिक्षक रॉबर्ट पोलार्ड यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. किशोरवयातच ते काल्पनिक बँडच्या अल्बमची वेष्टने तयार करीत. त्यांच्या 'गायडेड बाय व्हॉइसेस' या प्रत्यक्ष बँडने १९९२ मध्ये 'प्रोपेलर' हा अल्बम काढला, तेव्हा त्याच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या आणि प्रत्येकीचे वेष्टन हाताने केलेले होते. अल्बमच्या आरंभी बँडच्या नावाचा घोष करणारा श्रोतृसमुदाय ऐकू येतो. त्या काळात हा बँड जाहीर कार्यक्रम जवळजवळ करीतच नव्हता. म्हणजे येथे बँड खरा होता आणि श्रोते कल्पिलेले होते. पुढे २००० मध्ये 'सूटकेस' हा संच प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या कॅसेटवरील १०० गाणी असून प्रत्येक गाणे निराळ्या काल्पनिक बँडच्या नावावर आहे.

ही प्रेरणा केवळ यंत्रातून आली असे मात्र म्हणता येत नाही. पोर्टास्टुडिओ येण्यापूर्वीच, १९६८ ते १९७७ या काळात, वॉशिंग्टनमधील एका कृष्णवर्णीय तरुणाने 'मिंगरिंग माइक' या नावाने सोल संगीतातील एका कल्पित तारकाची सारी कारकीर्द रचली होती. पुठ्ठ्याच्या तबकड्या, त्यांवर रंगविलेल्या रेषा, काल्पनिक कंपन्यांची नावे आणि वेष्टनावरील मजकूर असे सर्व काही त्यात होते. यातील काही काळ तो व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत सैन्यसेवा टाळून लपून राहत होता. ज्याला उघडपणे वावरता येत नव्हते, त्याने कागदावर सार्वजनिक जीवन घडविले. तो गाणी रचून घरी फितीवर गातही असे.

तुलनेसाठी फर्नांदो पेसोआ यांचे स्मरण अपरिहार्य आहे. काएइरो, रेइस आणि कांपोस या त्यांनी निर्मिलेल्या कवींना स्वतंत्र चरित्र आहे, शैली आहे आणि परस्परांविषयी मतेही आहेत. मराठीत राम गणेश गडकरी यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' आणि विनोदासाठी 'बाळकराम' ही नावे घेतली. तेथे विभागणी वाङ्मयप्रकारांची आहे, व्यक्तींची नाही. पोलार्ड यांच्या शंभर बँडना नावापलीकडे फारसे चरित्र नाही. माइकपाशी चरित्र आहे, परंतु ते एकाच नायकाभोवती फिरते. पेसोआ यांनी कवी निर्माण केले, तर या दोघांनी कवीभोवतीची वाङ्मयसंस्था निर्माण केली : प्रकाशनसंस्था, समग्र संग्रह आणि चाहते.

या भेदामुळे इतिहासलेखनापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. माइकने गुदामाचे भाडे थकविल्याने त्याच्या तबकड्या विकल्या गेल्या आणि २००३ मध्ये त्या जुन्या बाजारात डोरी हदार या तबकडीसंग्राहकाच्या दृष्टीस पडल्या. पुढे स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्यूझियमने त्या संग्रही घेऊन २०१५ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले. त्यामुळे त्या वाचल्या. परंतु चित्रे म्हणून वाचल्या. गायकाची नोंद चित्रकार म्हणून झाली. सूचीकाराला एक कर्ता आणि एक माध्यम लागते. येथे कर्ते अनेक आहेत आणि माध्यम वेष्टन व ध्वनी यांत विभागलेले आहे. प्रकाशित कृतींवरच आधारलेला इतिहास अशा कृतींना वगळतो, तर संग्रहालय त्यांच्यातील गाणे बाजूला ठेवते. सूचीत खऱ्या कर्त्याचे नाव नोंदविताना त्याच्या काल्पनिक बँडचे नावही कृतीचा भाग म्हणून नोंदविले गेले पाहिजे. ते पुसले तर उरते ते सुटे गाणे. त्या गाण्यासाठी एका माणसाने एकट्याने उभारलेले जग मात्र नोंदीबाहेर राहते.