खो-खो : भारतीय पुरुष संघ

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व करणारा पुरुषांचा खो-खो संघ. त्याची निवड भारतीय खो-खो महासंघाकडून होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा या संघाने जिंकली. देशांतर्गत खो-खोला शतकाहून अधिक काळाची परंपरा असली, तरी राष्ट्रीय संघाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मात्र अलीकडची असून तिचा बहुतेक भाग २०१६ नंतरचा आहे.

पार्श्वभूमी : खो-खोचे मूळ महाभारतकालीन रथयुद्धात शोधण्याचा प्रयत्न काही लेखकांनी केला आहे, त्यास सबळ पुरावा नाही. या खेळाला नियमांची चौकट मिळाली ती पुण्यात. डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम तयार केले आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा करून ते शाळा-आखाड्यांपर्यंत पोहोचवले. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. बडोद्याचे सुधीर परब हे १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले खो-खोपटू असून महाराष्ट्राचे श्रीरंग इनामदार यांना तो १९७५ साठी मिळाला. या पिढीतील खेळाडूंना आपले कसब दाखवण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा हेच सर्वोच्च व्यासपीठ होते, त्यामुळे राष्ट्रीय संघाच्या नोंदींत त्यांची नावे आढळत नाहीत आणि केवळ आंतरराष्ट्रीय निकालांवरून भारतीय खो-खोचे मोजमाप करणे अपुरे ठरते.

खेळाचे स्वरूप : पारंपरिक पद्धतीत आक्रमक संघाचे आठ खेळाडू दोन खांबांमधील मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा पाठलाग करतो. बचाव करणारे खेळाडू तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. बचावपटूला मात्र बसलेल्या गड्यांमधून कोठूनही आरपार जाता येते. या विषम बंधनातच खेळाचा सारा डावपेच आहे. बचावपटू मधून पलीकडे निसटला की पाठलाग करणारा जवळच्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. खो मिळण्यापूर्वी गडी उठला तर तो नियमभंग ठरतो. मुरलेला बचावपटू एका गड्याआड एक अशी साखळी घालत धावतो, खो पडण्याच्या क्षणी हुलकावणी देतो आणि खांबाजवळ सापडू नये म्हणून अंतर राखतो, कारण खांबाचा आधार घेऊन सूर मारणारा आक्रमक तेथे बहुधा गडी टिपतोच. मराठी वृत्तपत्रांतील सामन्यांच्या वृत्तांतात प्रत्येक खेळाडूने किती मिनिटे संरक्षण केले हे आवर्जून दिले जाते. आंतरराष्ट्रीय निकालपत्रकांत केवळ गुण उरतात, ही या खेळाच्या अभ्यासाच्या दृष्टीने मोठी उणीव आहे. तीन मिनिटे मैदान अडवून धरणाऱ्या बचावपटूचे श्रेय त्यांतून कळत नाही.

आशियाई स्पर्धा : आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये कोलकाता, २००० मध्ये ढाका, २०१६ मध्ये इंदूर आणि २०२३ मध्ये आसाममधील तामुलपूर येथे झाल्या. तामुलपूरच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला हरवले. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये खो-खोचा पदकांसाठी समावेश २०१६ मध्ये गुवाहाटी येथे झाला. तेथे आणि २०१९ मध्ये नेपाळमध्ये झालेल्या स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने बांगलादेशला नमवून सुवर्णपदक पटकावले.

विश्वचषक, २०२५ : ही स्पर्धा १३ ते १९ जानेवारी या काळात इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात झाली. पुरुष गटात २० संघ होते. सामने मातीऐवजी मॅटवर आणि जलद पद्धतीने झाले : सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, प्रत्येक बाद गड्यामागे दोन गुण, आणि एखाद्या तुकडीने तीन मिनिटांहून अधिक काळ तग धरल्यास बचाव करणाऱ्या संघालाही गुण. ही शेवटची तरतूद ‘ड्रीम रन’ या नावाने ओळखली जाते आणि संरक्षणाला गुणफलकावर जागा देणारी म्हणून ती स्वागतार्ह आहे. भारताचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकरकडे होते. सुयश गरगटे, रामजी कश्यप, आदित्य गणपुले आणि अनिकेत पोटे हे महाराष्ट्राचे अन्य खेळाडू संघात होते. सलामीला नेपाळवर ४२-३७ असा निसटता विजय मिळाल्यानंतर भारताने ब्राझील (६४-३४), पेरू (७०-३८) व भूतान (७१-३४) यांना सहज हरवले, उपांत्यपूर्व फेरीत श्रीलंकेवर १००-४० अशी मात केली आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला नमवले. अंतिम सामन्यात पुन्हा नेपाळच समोर होता. पहिल्या पाळीत आक्रमण करून भारताने २६-० अशी आघाडी घेतली, दुसऱ्या पाळीअखेर नेपाळने ती २६-१८ अशी कमी केली, परंतु तिसऱ्या पाळीत भारताने गुणसंख्या ५४ वर नेली आणि सामना ५४-३६ असा जिंकला. मोठ्या फरकाच्या विजयांपेक्षा नेपाळविरुद्धच्या या दोन लढती अधिक बोलक्या आहेत : सलामीच्या लढतीतील पाच गुणांचा फरक पाहता भारताचे वर्चस्व यापुढे गृहीत धरता येणार नाही. महिला गटातही भारताने अंतिम सामन्यात नेपाळवरच ७८-४० असा विजय मिळवला.

खानदेश व निवडीची वाट : महाराष्ट्रातील खेळाडू जिल्हा संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धेत, तेथून राज्य संघात आणि राष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरीवरून राष्ट्रीय सराव शिबिरात पोहोचतो, किशोर, कुमार आणि खुला अशा गटांतून ही चढण असते. या वाटेवर पुणे, मुंबई उपनगर, ठाणे, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांचा दबदबा दीर्घकाळ राहिला आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत खेळाचा पाया शालेय स्पर्धांवर व महाविद्यालयीन संघांवर आहे. महाविद्यालयीन खेळाडूंना जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा गाठता येते. तापीकाठची कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला चिकटते, म्हणून तेथे मैदान करताना मुरूम व लाल माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ते बसवावे लागते, अन्यथा सूर मारणाऱ्या खेळाडूचे गुडघे व कोपरे सोलून निघतात. आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर होऊ लागल्यामुळे ही अडचण दुहेरी झाली आहे, कारण मातीवरचा खेळाडू मॅटवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्याला पायांची पकड नव्याने शिकावी लागते. जिल्हा पातळीवर मॅटची सोय होणे ही या भागातील मुलांसाठी सर्वांत निकडीची गरज होय.

ऑलिंपिकच्या पदकांच्या खेळांत खो-खोचा समावेश झालेला नाही.