स्वस्त तिकिटाचा जमाखर्च

सोलापुराहून समुद्रकिनाऱ्यावर जावयाचें, आणि तेंहि कमी खर्चांत, ही इच्छा जुनी आहे; विमान मात्र नवें आहे. ९ जून २०२५ रोजीं होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हां शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुढें साहजिकच प्रश्न उभा राहिला : तिकीट स्वस्त केव्हां मिळेल? याचें उत्तर दरपत्रकांत शोधण्यापूर्वीं इतिहासांत शोधणें हिताचें आहे. तिकीट स्वस्त होतें तेव्हां प्रवासाचा खर्च नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर मांडला जातो. तें खातें कोणाचें, एवढें उमगलें म्हणजे स्वस्ताई कोठून येते आणि किती दिवस टिकते, याचाहि उलगडा होतो.

प्रथम आगगाडीचेंच उदाहरण घ्यावें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० सालीं सोलापुरास पोंचली. या कंपनीला १८४९ च्या करारानें भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची सरकारी हमी मिळालेली होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलांतून भरून निघे. पुढें १८८४ मध्यें सदर्न मराठा रेल्वेचा होटगी-गदग हा मीटरगेज मार्ग खुला झाला आणि १८८८ मध्यें लोहमार्ग मुरगांव बंदराला जाऊन भिडला. तेव्हांपासून सोलापूरकराला होटगीस गाडी बदलून विजापूर, गदग, हुबळी, लोंढा या वाटेनें समुद्र गांठतां येऊं लागला. गोव्यांतील मार्ग ज्या कंपनीनें बांधला, तिलाहि पोर्तुगीज सरकारची हमी होती. तिच्या नांवांतच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. तिसऱ्या वर्गाचें तिकीट स्वस्त राहिलें तें दोन गोष्टींच्या आधारावर : खच्चून भरलेले डबे, आणि तूट सोसणारी तिजोरी.

आकाशांत ही सोय होण्यास बराच काळ लागला. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें, तेव्हां त्यांत ३५ उतारू होते. थोड्या जागा, मोठा खर्च, आणि कंपन्यांनीं एकत्र बसून ठरविलेलीं भाडीं, असा तो काळ होता. १९५२ मध्यें अटलांटिकवर ‘टूरिस्ट’ वर्ग निघाला. पण खरा पालट जानेवारी १९७० मध्यें बोइंग ७४७ हें प्रचंड विमान वाहतुकींत आल्यावर झाला. साडेतीनशेंहून अधिक माणसें एका वेळीं नेणारें विमान रोज भरावयाचें कसें, ही नवी विवंचना उत्पन्न झाली.

मंडईंतील भाजीवालीची संध्याकाळ सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळीं ती भाव सोडीत नाहीं. दिवस कलला कीं उरलेली पालेभाजी मिळेल त्या दरानें देते. विमानांतील रिकाम्या खुर्चीचें आयुष्य त्याहूनहि अल्प. विमान उडालें कीं तिची किंमत शून्य. २६ सप्टेंबर १९७७ रोजीं फ्रेडी लेकर यांनीं लंडन-न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली : एका बाजूचें भाडें ५९ पौंड, जागा आधीं राखून ठेवण्याची सोय नाहीं, जेवणाचे पैसे निराळे. त्याच वर्षीं अमेरिकन एअरलाइन्सनें उलट युक्ति योजिली. जो पुष्कळ दिवस आधीं तिकीट काढील त्याला सवलत. जो ऐन वेळीं कामासाठीं येईल त्याला पूर्ण भाडें. लेकर यांची कंपनी १९८२ मध्यें बुडाली; दुसरी युक्ति मात्र जगभर रूढ झाली. एकाच रांगेंतील दोन प्रवाशांचीं भाडीं निरनिराळीं असतात, त्याचें मूळ येथें आहे. सुटीवर जाणाऱ्याची स्वस्ताई बऱ्याच अंशीं कामकरी प्रवाशाच्या खात्यावर पडते.

गोव्याच्या किनाऱ्याला तिसरा प्रकार अनुभवास आला. १९८७ मध्यें जर्मनीहून काँडोर कंपनीचें भाड्याचें विमान दाबोळीला उतरलें. सहल कंपनीनें अख्खें विमान ठरवावयाचें आणि जागा हॉटेलसकट विकावयाच्या, अशी ही पद्धत. विमान भरलेलें राही, म्हणून लांबचा प्रवास माफक दरांत होई; पण पावसाळा आला कीं हीं विमानें येईनाशीं होत.

भारतांत १९५३ मध्यें विमानवाहतूक सरकारच्या हातीं गेली. तो कायदा १९९४ मध्यें रद्द झाला, आणि २००३ मध्यें कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें अल्प भाड्याचीं विमानें सुरू केलीं. २०१६ च्या ‘उडान’ योजनेनें रेल्वेची जुनी हमी नव्या रूपांत आणली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांपुरती सुमारें २,५०० रुपयांची मर्यादा, आणि कंपनीची तूट भरून देणें, असें तिचें स्वरूप होतें.

सोलापूरचें खातें या पार्श्वभूमीवर पाहावें. विमानांच्या मार्गांत अडथळा ठरलेली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आली. ती वांचावी म्हणून सभासद शेतकरी वर्षानुवर्षें झगडले होते. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. २०२५ मध्यें मुंबईच्या विमानसेवेसाठीं राज्य सरकारनें दर आसनामागें ३,२४० रुपयांची तूट भरून देण्याचें मान्य केलें. म्हणजे जो कधींहि विमानांत बसला नाहीं, त्याचाहि हातभार येथील उड्डाणांना लागलेला आहे.

हा हातभार सार्थकीं लागेल काय, हा खरा प्रश्न आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणें ‘उडान’च्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकीं ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनीं मदतीचीं तीन वर्षें पुरीं केलीं, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत अवघे ५४ टिकले. हमी असेपर्यंत विमान, हमी संपतांच शुकशुकाट, असें पुष्कळ ठिकाणीं घडलें.

स्वस्त तिकीट शोधणाऱ्याला इतिहास जें सांगतो तें साधें आहे. लवकर ठरवावें, दिवाळी-नाताळची गर्दी टाळावी, आठवड्याच्या मधल्या दिवशीं निघावें, सामान बेताचें न्यावें. गर्दी नसतांना घेतलेली जागा घेणाऱ्याला स्वस्त पडते आणि विमानालाहि उपयोगी पडते. कारण ती एरवीं रिकामीच गेली असती. आगगाडीला तिसऱ्या वर्गाच्या बारमास भरलेल्या डब्यांचा मोठा आधार मिळाला. होटगी रस्त्यावरून उडणाऱ्या विमानाचें भवितव्यहि अखेर सणासुदीच्या गर्दीवर ठरणार नाहीं. आषाढांतल्या एखाद्या मंगळवारीं त्यांत किती माणसें बसतात, यावर तें ठरेल.