लॉनसाठी स्कॅरिफायर घेताय? आधी गवत ओळखा, मग पैसे मोजा

मानखुर्द : गावाकडून मुंबईत येऊन माळीकाम धरलेली बरीच तरुण मंडळी काही वर्षांत स्वतःची कामं घ्यायला लागतात. मानखुर्द त्यासाठी सोयीचं ठिकाण आहे. एकीकडे घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता, दुसरीकडे सायन-पनवेल महामार्ग, आणि खाडीपूल ओलांडला की वाशी. छोट्या टेम्पोत सामान टाकलं की चेंबूर, पवई, नवी मुंबई सगळीकडे पोचता येतं. गवत कापायचं मशीन तर हाताशी असतंच. त्यानंतर नाव ऐकू येतं ते स्कॅरिफायरचं. सोसायटीचं किंवा फार्महाऊसचं लॉन पिवळं पडलं, पाणी मुरेना, की 'एकदा स्कॅरिफाय करून घ्या' असा सल्ला मिळतो.

मशीन उपयोगाचं आहे, पण चुकीचं घेतलं तर दुहेरी फटका बसतो. पैसे अडकतात, आणि गिऱ्हाइकाचं लॉन उखडलं तर पुढचं कामही जातं. म्हणून निवड हॉर्सपॉवर बघून नाही, तर गवत आणि वर्षातल्या कामाचे दिवस बघून करायची.

स्कॅरिफायर करतो काय?

लॉनच्या हिरव्या पात्यांखाली आणि मातीच्या वर मेलेल्या काड्या, जुनी मुळं आणि धावती खोडं यांचा थर साचतो. बागेच्या धंद्यात याला 'थॅच' म्हणतात. हा थर अर्धा इंच, म्हणजे साधारण १२ मिमीपर्यंत असेल तर चांगलाच. तो ओल धरतो आणि पाय पडला तरी गवत वाचवतो. त्याहून जाड झाला की पाणी आणि खत वरच अडकतं, मुळं मातीत न जाता थरातच पसरतात, आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

स्कॅरिफायरच्या आडव्या दांड्यावर उभी पाती असतात. दांडा जोरात फिरतो, पाती थर चिरतात आणि मेलेलं गवत वर काढून टाकतात. रोटाव्हेटर माती उलथतो, तर स्कॅरिफायर फक्त वरचा थर चिरतो. पाती मातीला जेमतेम टेकली पाहिजेत. माती उडायला लागली म्हणजे खोली जास्त झाली.

मशीन लावण्याआधी तीन-चार जागी खुरप्याने चौकोनी तुकडा काढा आणि थर पट्टीने मोजा. थर अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर मशीनची गरजच नाही. पाणी मुरत नसेल तर कदाचित खाली माती दबली असेल. त्याला उपाय वेगळा, लॉनला भोकं पाडण्याचा. थर मोजून मग बोलणाऱ्या माळ्यावर गिऱ्हाईकही विश्वास ठेवतं.

गवत कोणतं, ते आधी बघा

परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं थंड हवेच्या गवतासाठी आणि शेवाळ काढण्यासाठी लिहिलेली असतात. आपल्याकडची गवतं उष्ण हवेतली आहेत, त्यामुळे तिथले नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

- हरळी : शेतात जिचा वैताग येतो, तीच ही हरळी, म्हणजे दूर्वा. मैदानं आणि गोल्फ कोर्स यांच्यावर तिचेच निवडक प्रकार लावतात. जमिनीवरही धावते आणि जमिनीखालीही, म्हणून पात्यांचा मार सोसते आणि लवकर भरून येते. स्कॅरिफायरला सर्वात योग्य गवत हेच.
- कोरियन : सोसायट्यांमध्ये आणि बंगल्यांसमोर हे खूप दिसतं. बारीक, मऊ, गादीसारखं असतं. काही वर्षांनी त्याला उंचवटे येतात, वरून हिरवं आणि आतून वाळलेलं. थर जाड असतो, म्हणून खोल पाती लावायचा मोह होतो. पण हे गवत फार हळू वाढतं. एकदा सोललं की महिनोन्महिने टक्कल दिसतं. इथे हलका हात, एकच फेरी, आणि निम्मं लॉन आत्ता, निम्मं पुढच्या वेळी.
- रुंद पानांचं सेंट ऑगस्टिन : याची खोडं फक्त जमिनीवरून धावतात, खाली काही नसतं. पात्यांनी ती तोडली तर भरून येणं अवघड. पाती दूर दूर असलेलं मशीनच चालतं.

म्हणूनच दोन पात्यांमधलं अंतर विचारणं महत्त्वाचं. हरळीसारख्या बारीक गवताला साधारण अडीच ते पाच सेमी अंतर चालतं, सेंट ऑगस्टिनला सात-आठ सेमी लागतं. दांड्यावरची काही पाती काढून अंतर वाढवता येत असेल, तर एकच मशीन जास्त ठिकाणी कामी येतं.

पाती कोणती?

- स्प्रिंगचे दात : तारेच्या पंज्याचंच मशीन. वरचं मेलेलं गवत ओढतं, आत चिरत नाही. कोरियनसाठी आणि नव्याने काम शिकणाऱ्यासाठी धोका कमी.
- पक्की पाती : दांड्याला घट्ट बसवलेली असतात. एकसारखं आणि खोल काम करतात. पण दगड लागला की पातं वाकतं, दांड्याला दणका बसतो.
- झुलती पाती : खिळ्यावर मोकळी असतात. दगड लागला की मागे वळतात. जाड थरात पक्क्या पात्यांइतकी ताकद नसते, पण मशीन वाचतं.

मुंबई आणि नवी मुंबईत बरीच लॉन भरावावर आहेत. वर लाल माती, खाली मुरूम, विटांचे तुकडे, कधी सळईचे तुकडेही निघतात. अशा ठिकाणी झुलती पाती बरी. पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत तर मातीच कमी असते आणि वरच ठिबकच्या नळ्या असतात. काम सुरू करण्याआधी स्प्रिंकलरची तोंडं, नळ्या आणि दिव्यांच्या वायरी कुठे आहेत ते विचारून काठ्या रोवून घ्या. कापलेली वायर ही ठेकेदाराच्या खिशातूनच जाते.

वीज, बॅटरी की पेट्रोल?

विजेवरचं मशीन हलकं, आवाज कमी, किंमतही कमी. साधारण १२०० ते १८०० वॅटचं असतं. १५०० वॅटच्या मशीनला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणजे घरातला ६ अँपिअरचा साधा सॉकेट पुरत नाही. १६ अँपिअरचा पॉईंट हवा, वायर २.५ चौरस मिमीची हवी, आणि शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच. ओल्या गवतावर हे मशीन चालवू नये.

बॅटरीवरचं मशीन आवाजाला आणि वायरच्या कटकटीला चांगलं. पण हे काम ताकद खातं, बॅटरी लवकर उतरते. दिवसभराच्या कामाला दोन-तीन बॅटरी धराव्या लागतात, आणि हिशेब तिथेच बिघडतो.

पेट्रोलचं मशीन ठेकेदारासाठी. कामाची रुंदी ४० ते ५० सेमी. इंजिन कोणतं ते आवर्जून बघा. बऱ्याच मशीनवर होंडा जीएक्स१६० जातीचं १६३ सीसीचं इंजिन असतं. हेच इंजिन पाण्याच्या पंपांवरही असल्याने त्याचे भाग आणि मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतात. पूर्ण भारावर ते तासाला साधारण एक ते दीड लिटर पेट्रोल पितं. पहिलं ऑइल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी बदलायचं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इंजिनाच्या पुस्तिकेत किती चालतं ते बघा, आणि मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

एका तासात किती काम होतं?

दुकानदार सांगतो तो आकडा कागदावरचा असतो. स्वतः हिशेब करा. ४० सेमी रुंदीचं मशीन ताशी ३ किलोमीटरच्या चालीने तासाला १२०० चौरस मीटर चालतं. वळणं, पट्टे एकमेकांवर घेणं, अडकलेलं गवत काढणं यात निम्मा वेळ जातो, उरले ६०० चौरस मीटर. एकदा उभं, एकदा आडवं अशा दोन फेऱ्या केल्या तर तासाला ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फूट किंवा तीन गुंठे. वर निघालेलं गवत गोळा करायला वेगळी माणसं लागतात. दर ठरवताना ती मजुरी विसरू नका.

विकत घ्यावं की भाड्याने?

एका लॉनला हे काम वर्षातून एकदा पुरतं, काही ठिकाणी दोन वर्षांतून एकदा. बाकीचे दिवस मशीन झाकून ठेवावं लागतं. म्हणून हा हिशेब करा. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या भागातले भाव घालून बघा :

- मशीन ८० हजारांना, पाच वर्षं वापर : वर्षाला १६ हजार
- पाती, ऑइल, दुरुस्ती : वर्षाला ४ हजार
- एकूण : वर्षाला २० हजार
- तेच मशीन भाड्याने २ हजार रुपये दिवस : बरोबरी १० दिवसांवर

दिवसाला पाच तास मशीन चाललं तर दहा दिवसांत सुमारे १ लाख ६० हजार चौरस फूट होतात, म्हणजे साडेतीन एकरांहून जास्त लॉन. इतकं काम दरवर्षी नक्की हातात असेल तरच विकत घेणं परवडतं. नाहीतर भाड्याने घ्या, किंवा तीन-चार माळ्यांनी मिळून एक मशीन घ्या. सामाईक घेतलं तर कोणी किती तास चालवलं त्याची वही ठेवा. भांडण बहुतेक तिथूनच सुरू होतं.

काम कधी करायचं?

गवत जोमात वाढत असतानाच. मुंबई आणि कोकणपट्टीत फेब्रुवारीअखेर ते मे, पाण्याची सोय असेल तर. नाहीतर पावसाने उघडीप दिल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. भर पावसात चिखल होतो, चाकं रुततात. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते. महाबळेश्वर, मावळ, जुन्नरकडच्या थंड भागात ती नोव्हेंबरपासूनच मंदावते, म्हणून तिकडे काम आधी उरका. वर्षभराच्या आतल्या नव्या लॉनला मशीन लावू नये.

आधी गवत नेहमीपेक्षा थोडं खाली कापा. माती ओलसर हवी, चिखल नको. कोपऱ्यात दोन मीटरची पट्टी करून गिऱ्हाइकाला दाखवा, मग पुढे जा. काम झाल्यावर लॉन विस्कटलेलं आणि तपकिरी दिसतं. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर पैसे अडतात. नंतर पाणी, थोडं नत्रखत आणि चाळलेल्या रेती-कंपोस्टचा पातळ थर. हरळी साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येते.

नियम आणि सुरक्षितता

- निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, तिथे मर्यादा आणखी कमी. सोसायटीकडून वेळ लिहून घ्या.
- निघालेलं गवत जाळायला बंदी आहे. कंपोस्ट करा, पण हरळीचे तुकडे नीट कुजल्याशिवाय शेतात टाकू नका. एकेका कांडीतून ती पुन्हा उगवते.
- बूट, गॉगल आणि कानाला संरक्षण हवंच. अडकलेलं गवत काढण्याआधी प्लगची टोपी काढा, विजेचं असेल तर पिन काढा, बॅटरीचं असेल तर बॅटरी. आसपास मुलं नकोत, खडा दूरवर उडतो.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. पात्यांचा पूर्ण संच केवढ्याला, आणि आज दुकानात आहे का?
२. खोली किती टप्प्यांत बदलते? चालता चालता पाती उचलता येतात का?
३. एका बाजूने झिजलेली पाती उलटी करून वापरता येतात का?
४. वजन किती? दोन माणसं टेम्पोत चढवू शकतील का? दांडी दुमडते का?
५. दुरुस्ती केंद्र कुठे? मुंबईबाहेर काम असेल तर तिथून जवळचं कोणतं?
६. मशीनचा नंबर घातलेलं पक्कं जीएसटी बिल मिळेल का?

पहिल्या प्रश्नाला 'मागवून देऊ' असं उत्तर आलं, तर ते मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. हंगाम मोजक्या आठवड्यांचा असतो. पाती येईपर्यंत तो निघून जातो आणि मशीन पुढच्या वर्षापर्यंत कोपऱ्यात पडून राहतं.