कंदिलाच्या चावीपासून डिमरपर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीनं सांगितलं. संस्थेचं कार्यवृत्त इतरत्र आहेच, म्हणून आपल्या घरांतल्या उजेडाचा इतिहास लिहायचं ठरवलं.

वालूर म्हटलं की बाहेरच्यांना चक्राकार बारव आठवते. आमच्या पिढीला कंदीलही आठवतो. संध्याकाळी राखेनं काच पुसायची, रॉकेल भरायचं, वात कातरायची. निजायच्या वेळी आजी म्हणायची, "दिवा बारीक कर." चावी फिरवली की वात खाली जायची. हवा तेवढाच उजेड ठेवणं आपल्या हातात होतं.

मग वीज आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढे मराठवाड्यातल्या गावोगावी खांब उभे राहिले. बटण दाबलं की उजेड, नाहीतर अंधार. मधलं काही नाही. तरी संध्याकाळी बल्ब लालसर व्हायचाच, कारण लाईनवर लोड यायचा. व्होल्टेज १० टक्के उतरलं की साध्या बल्बचा प्रकाश जवळपास ३० टक्के उतरतो. ट्यूब तर नुसती फडफडायची. दिवा बारीक व्हायचा, पण आपल्या मर्जीनं नव्हे!

गंमत बघा, तिकडे न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली जोएल स्पायरा यांनी भिंतीतल्या बटणाच्या जागी मावेल असा डिमर तयार केला. जुने डिमर नको असलेली वीज उष्णतेत घालवायचे. हा नवा डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा भाग कापतो, आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला फक्त मंद उजेड दिसतो.

आपल्या सोसायटीत आधी बल्ब-ट्यूबच होत्या. नंतर पीओपीचं छत आलं आणि त्यात १२ व्होल्टचे छोटे दिवे. आपल्याकडे 'लो व्होल्टेज' म्हणजे तक्रारीचा शब्द! पण इथे छतातला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे मुद्दाम १२ करतो.

मी हौसेनं त्याला जुना, साध्या बल्बचा डिमर जोडून घेतला. दिवे लुकलुकायला लागले, छतातून गुणगुण ऐकू येऊ लागली. वायरमन म्हणाला, "काका, डिमर दिव्याला नाही, वरच्या ट्रान्सफॉर्मरला जुळावा लागतो." तांब्याच्या वेटोळ्यांच्या जड ट्रान्सफॉर्मरला लाटेचा पुढचा भाग कापणारा डिमर लागतो, हलक्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला बहुधा मागचा भाग कापणारा. एलईडी असेल तर दिवा आणि त्याचा ड्रायव्हर, दोन्हींवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं. पंख्याचा रेग्युलेटर तर दिव्यांना कधीच लावू नये. न जुळणारी जोडी छतात तापत राहते आणि ते खालून दिसत नाही. म्हणून, मंडळी, डिमर घेण्याआधी छतात काय बसवलंय ते वायरमनकडून बघून घ्या.

आता आमच्याकडे योग्य डिमर आहे. आईला रात्री दोनदा उठावं लागतं. भगभगीत उजेडानं तिचे डोळे दिपतात आणि अंधारात पाय अडखळतो. झोपताना ती हाक मारते, "दिवा बारीक कर रे." मी भिंतीवरची चावी फिरवतो.